शेवटच्या कडव्यातले नाव

अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या वाङ्मयाशी आपली ओळख होऊन अर्धशतक उलटले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालयात परत आले आणि ‘नीग्रो साहित्य’ हा शब्द आपल्या चर्चेत रुजला. (आज तो शब्द कोणी वापरत नाही, वापरूही नये, पण आपल्या जुन्या अंकांतून तो पानोपानी आहे.) पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावातच ब्लॅक पँथरशी नाते सांगत. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँगस्टन ह्यूज ही नावे आमच्या पिढीने वहीत उतरवून घेतली, परिसंवादातून म्हटली, काही वेळा न वाचताही म्हटली. मीही त्यातलाच.

पण ही माणसे गातात काय, हे आपण विचारले नाही. ह्यूजचा पहिला कवितासंग्रह १९२६ सालचा. त्याच्या नावातच ‘ब्लूज’ आहे. तो कवी ज्या गाण्याला गुरू मानत होता ते गाणे आपण ओलांडून पुढे गेलो आणि थेट कवितेपाशी थांबलो. याचे कारण मला फार उशिरा कळले. आपण आपल्या स्वतःच्या गाण्याशीही तेच केले होते. जलसा, गायन पार्टी, भीमगीत हे सगळे जयंतीच्या मांडवात ठेवले आणि ‘साहित्य’ म्हणून कविता, कथा, आत्मकथन एवढेच मोजले. मी शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी, तेही आपल्यातलेच, जलशावर निबंध लिहू नकोस, त्यात वाङ्मयीन काही नाही, असे मला बजावले होते. मी ते निमूटपणे मानले.

ब्लूज म्हणजे काय ते आधी सांगतो.

डब्ल्यू. सी. हॅंडी नावाचा शिकलेला काळा वादक होता. साधारण १९०३ साली मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनवर तो रात्री गाडीची वाट पाहत बसला होता. गाडीला उशीर होता. त्याला डुलकी लागली. जागा झाला तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटार घेऊन बसलेला. तो तारांवर सुरीचे पाते दाबून सरकवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेविषयी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. इतके विचित्र गाणे आपण कधी ऐकले नव्हते, असे हॅंडीने पुढे आत्मचरित्रात लिहिले. हॅंडीने ती रीत उचलली, नोटेशनमध्ये बसवली, छापली. तो ‘ब्लूजचा जनक’ म्हणून प्रसिद्ध झाला. स्टेशनवरच्या माणसाचे नाव कोणालाच माहीत नाही.

मी घाटनांदूरचा. परळी आणि लातूर रोड यांच्या मधले आमचे स्टेशन. गाडीला उशीर होणे आम्हाला नवीन नाही आणि फलाटावर कोणी एकतारी घेऊन बसलेला असणे हेही नवीन नाही. हॅंडीची गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला मिसिसिपी दिसलीच नाही, आमचा फलाट दिसला. आणि लाज वाटली, कारण मी कधी कोणाला नाव विचारले नव्हते.

या गाण्याची बांधणी अगदी साधी आहे. पहिली ओळ गायची. तीच ओळ पुन्हा गायची. मग तिसरी ओळ, जी पहिलीला उत्तर देते किंवा तिच्यावर कडी करते. बारा मात्रागटांचा हा फेरा. ओळ दुसऱ्यांदा गायची ती नुसत्या जोरासाठी नव्हे. गाणारा त्या वेळात पुढची ओळ जुळवत असतो. आपल्याकडे शाहीर ओळ टाकतो, मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून धरतात आणि तेवढ्यात शाहीर पुढच्या ओळीवर जातो. निरक्षर माणसाच्या कवितेला कागदाऐवजी असा अवकाश लागतो. दुसरी गोष्ट सुरांची. ब्लूजमधला गंधार आणि निषाद शुद्ध नसतो आणि धड कोमलही नसतो. तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी कापतो. पियानोवर तो सापडत नाही, म्हणून सुरी लागते, बाटलीची मान लागते, तार ओढावी लागते. आपल्या पेटीतही तो सूर नाही. ढोलकी-पेटीची साथ सोडून केवळ एकतारीवर गाणाऱ्या बाईच्या गळ्यात तो येतो. ज्यांनी कडूबाई खरात यांना ऐकले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे गाणे जिथे वाढले त्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, वहीत संपली नव्हती. जमीन मालकाची, बी, खत, मीठ-पीठ मालकाच्या दुकानातून उधार, हंगाम सरला की अर्धा कापूस मालकाचा आणि उरलेल्या अर्ध्यातून उधारी वळती. हिशेब मालकाच्या वहीत. कुळाला वाचता येत नाही. येत असले तरी विचारायची सोय नाही. बहुतेक वर्षी वही सांगे की अजून तुझ्याकडेच येणे आहे. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला मी याहून अधिक काय सांगू? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन जोडपी ‘एक कोयता’ होऊन कारखान्याकडे निघतात आणि सहा महिन्यांनी परततात तेव्हा पुष्कळांची उचल फिटलेली नसते. ऊसतोडीत आपणच एकटे नाही, वंजारी आहेत, बंजारा आहेत. दुःखाचा सातबारा एका जातीच्या नावावर नाही. पण वहीचा धाक कसा असतो हे आपल्या पट्ट्याला ठाऊक आहे. डॉकरी नावाच्या अशाच एका कापसाच्या मळ्यावर चार्ली पॅटन राहिला, गायला. १९३४ साली तो वारला. पुढे नावारूपाला आलेल्या अनेक गायकांनी त्याला मळ्यांच्या पडव्यांतून आणि दारूच्या खोपट्यांतून ऐकलेले होते.

ध्वनिमुद्रिकेवर मात्र आधी बायका आल्या. १९२० साली मॅमी स्मिथची तबकडी निघाली, ती खपली आणि कंपन्यांना कळले की काळ्या माणसाच्या खिशातही पैसा आहे. लगेच त्यांच्यासाठी स्वतंत्र यादी निघाली, ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची. म्हणजे गाण्याचाही गावकुसाबाहेरचा वाडा. त्या यादीतली सर्वांत मोठी गायिका बेसी स्मिथ. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली. तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते, पण थडग्यावर दगड नव्हता. तो बसला १९७० साली, तेहतीस वर्षांनी. जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि बेसीच्या घरी कधीकाळी काम केलेली एक काळी बाई, या दोघींनी पैसे घातले तेव्हा. रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मेला. मागे उरली १९३६ आणि १९३७ साली मुद्रित झालेली केवळ एकोणतीस गाणी. १९६१ साली त्यांची मोठी तबकडी निघाली आणि इंग्लंडमधली गोरी पोरे ती ऐकून गिटार शिकली.

मडी वॉटर्सची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तो स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत असे. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि त्यांचे सहकारी सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीते मुद्रित करत त्याच्या खोपटात आले. मुद्रण झाल्यावर त्यांनी त्याला त्याचाच आवाज ऐकवला. आपला आवाज बाहेरून ऐकणे ही केवढी घटना असते! आपणही गाऊ शकतो, आपण कोणीतरी आहोत, हे त्याला त्या दिवशी पटले. १९४३ साली तो गाडीत बसून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली आणि मळ्याचे गाणे शहराचे झाले. १९५० साली त्याने गायलेल्या एका गाण्यावरून १९६२ साली लंडनच्या पोरांनी आपल्या चमूचे नाव ठेवले, रोलिंग स्टोन्स. पुढे जगभर जे रॉक म्हणून गाजले त्याचा पाया हा असा एका ट्रॅक्टरवाल्याने घातलेला आहे. पैसा कोणाकडे गेला ते वेगळे सांगायला नको. एका तबकडीमागे एकरकमी काही डॉलर देऊन हक्क लिहून घ्यायचे, ही त्या धंद्याची रीतच होती.

आता आपल्याकडे येऊ.

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या मागून सत्यशोधक जलसे आले. त्यांनी तमाशाचाच सांगाडा घेतला: गण, गवळण, बतावणी, वग. तो सांगाडा मुळात आपल्याच लोकांनी, महार-मांगांनी, पिढ्यान्‌पिढ्या ओढत आणलेला होता. रंजन गावाचे आणि बेइज्जती आपली. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वातावरणात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसा घेऊन उभे राहिले. त्यांनी सांगाडा ठेवला आणि आतले सगळे बदलले. गणातला गणपती गेला, नाचणारी बाई गेली, गवळणीतली छेडछाड गेली. वगात सावकार आला, भट आला, गावकीची कामे आली, शाळेत न जाणारे पोर आले. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न महाडच्या कामासाठी देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगतात. आणि तेच बाबासाहेब, माझ्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, अशा अर्थाचे बोलल्याचेही जुने जलसेकार सांगत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. ज्या ढोलकीवर आपली बाई नाचवली गेली तिच्यावर पैसा नको. तीच ढोलकी आपल्या हातात आली तर हवी. भीमरावांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक स्वतः लिहून ठेवले, पुढे डॉ. कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला. हे दोन ग्रंथ नसते तर आपल्याकडेही स्टेशनवरचा निनावी माणूसच उरला असता.

ब्लूज आणि जलसा यांत साम्य दाखवून टाळ्या घेणे सोपे आहे. फरक मला जास्त मोलाचा वाटतो. ब्लूज ‘मी’ म्हणतो. माझी बाई गेली, माझे घर पुरात गेले, मी उद्याच्या गाडीने निघालो. मालकाविषयी तो उघड फारसे बोलत नाही. बोलला असता तर झाडाला टांगला गेला असता. जे बोलता येत नाही ते तो सुरात ठेवतो. जलसा ‘आपण’ म्हणतो आणि सुरात काही लपवत नाही. त्याला शिकवायचे आहे, उठवायचे आहे, उद्याच्या सभेला माणसे आणायची आहेत. म्हणून जलशात रडायला सवड कमी. हे त्याचे बळ होते आणि, मला वाटते, काही अंशी उणेही. एकट्या माणसाचे घरातले, मनातले दुःख जलशाच्या मांडवात मावले नाही. ते जात्यावर राहिले. १९९६ साली गी पॉइतेव्हां आणि हेमा राईरकर यांच्या ओवी-संग्रहाच्या कामात आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, रमाई आहे, पण ते नेते म्हणून नव्हे, माहेरचे माणूस म्हणून आहेत. आपला ब्लूज शोधायचा तर तो तिथे सापडतो. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे आणि आपल्या किती प्राध्यापकांनी तो उघडून पाहिला, हे मी विचारत नाही.

हा ‘मी’ मांडवात आणण्याचे काम वामनदादांनी केले. वामन कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळसे उपसले, फिरून चिक्की विकली. वाचता येत नव्हते. चाळीत कोणीतरी पत्र वाचून दे म्हणाले आणि मान खाली घालावी लागली. त्यानंतर ते दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकले. १९४३ साली पहिले गीत केले. पुढे साठ वर्षे महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. गाणी कधी सिनेमाच्या चालीवर, कधी गझलेच्या वळणावर, कधी थेट लोकगीताच्या ठेक्यात. चाल उसनी घेतली म्हणून पांढरपेशा समीक्षक नाक मुरडतात. ब्लूजवाल्यांनीही चाली एकमेकांच्याच घेतल्या. बारा मात्रागट काय कोणाच्या बापाचे होते? ओळखीच्या चालीवर अनोळखी विचार आला की तो एका ऐकण्यात पाठ होतो, हे दादांना पक्के ठाऊक होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत धर्मांतराचा अर्थ या मार्गाने गेला. १५ मे २००४ रोजी दादा गेले, तोवर त्यांची गाणी इतकी लोकांची झाली होती की कित्येक गायन पार्ट्यांना ती कोणाची हे सांगावेसेही वाटत नव्हते.

ते सांगावे लागत नव्हते, याचे एक कारण गाण्यातच होते. आमच्या वस्तीत एक म्हातारे गायक होते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. तरुणपणी गायन पार्टीत पेटी वाजवायचे, सामन्याला उभे राहायचे. एकदा जयंतीच्या रात्री मी त्यांना विचारले, “आबा, हे गाणं कुणाचं?”

“शेवटचं कडवं म्हणून बघ की मास्तर. नाव सांगितल्याबगर शाहीर खाली बसत नसतो.”

शेवटच्या कडव्यात ‘वामन’ होता. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ असते तसा. मला तेव्हा बेसीचे दगड नसलेले थडगे आठवले आणि टटवायलरचा तो माणूस. त्यांच्याकडे तबकडी होती, कंपनी होती, कराराचा कागद होता, आणि नावे त्या कागदातून निसटली. आपल्याकडे कागदच नव्हता म्हणून शाहिराने नाव गाण्यात विणून टाकले. ते वेगळे काढायचे तर कडवेच तोडावे लागते.

दादांच्या मागेपुढे इतरही होते. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या कॅसेटी एका बाजूला भीमगीतांच्या, दुसऱ्या बाजूला विठ्ठलाच्या. आषाढीला ज्या घरांतून त्यांचा पंढरीच्या वाटेचा सूर येतो त्यांतल्या किती घरांनी त्यांना माजघरात घेतले असते? ब्लूजवालेही शनिवारी रात्री गुत्त्यात आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये गात. थॉमस डॉर्सी नावाचा नामांकित ब्लूजवाला तर सगळे सोडून भक्तिगीतांकडे गेला. पोटाला आणि मनाला एकाच गळ्यातून वाट काढावी लागते. त्यावरून प्रल्हाददादांना नावे ठेवणाऱ्या आपल्यातल्या शुद्धतावाद्यांशी माझे जमत नाही. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात, दीक्षाभूमीवर, कार्यक्रमात गातानाच कोसळले आणि गेले. विलास घोगरे यांचे नाव घेताना अजून आवंढा येतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मारली गेली, आणि चार दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११ सालच्या चित्रपटात तो आवाज राहिला आहे.

या सगळ्यांचा परिणाम किती टिकला, असे विद्यार्थी मला विचारतात. चौदा एप्रिलच्या रात्री आमच्या वस्तीत उभे राहा, मी म्हणतो. दादांची गाणी अजून वाजतात. पण गेली काही वर्षे ती डीजेवर वाजतात. डीजेवाल्याला ध्रुवपद आणि एक कडवे पुरते, मग पुढचे गाणे. पोरांच्या मोबाइलवर तर अर्ध्या मिनिटाचाच तुकडा. शेवटचे कडवे कोणी लावतच नाही. म्हणजे जे काम तिकडे कंपन्यांनी केले ते इकडे आपण स्वतःच्या हाताने, नाचत नाचत करतो आहोत. यंदा एका मुलाला मी विचारले, गाणे कोणाचे? तो म्हणाला, “सर, अमक्या डीजेचं.” त्याचा दोष नाही. त्याने ऐकलेल्या गाण्यात वामन नव्हताच.

माझा दोष मात्र आहे. आबांकडे एक जाड वही होती, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. त्यात दादांची, इतरांची आणि त्यांची स्वतःची मिळून शे-दीडशे गाणी असतील. उतरवून घेतो म्हणून मी दोन-तीन उन्हाळे म्हणत राहिलो. त्या वर्षांत मी हार्लेमवर तीन व्याख्याने दिली. आबा पावसाळ्यात गेले, घर गळत होते, आणि मी भेटायला गेलो तोवर वहीचा लगदा झाला होता. त्यांच्या सुनेने ती उन्हात वाळवून ठेवली होती. पाने उलगडत नव्हती.

तेव्हापासून मी शाळेत एक काम लावले आहे. आठवी-नववीची पोरे उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्या म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून आणतात. अट एकच, गाणे पुरे हवे, शेवटच्या कडव्यासकट. आजवर चार वह्या झाल्या. दादांची गाणी बरीच आहेत, ती छापील संग्रहांवरून ताडून पाहता येतात. पण काही गाण्यांच्या शेवटी असलेली नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. कोणी परळीच्या बाजूचा, कोणी रेणापूरकडचा असावा. पांगाव, परळी, अंबाजोगाई, केज या भागांतल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावच्या गायन पार्टीवाल्यांच्या वह्या पावसाळ्याआधी पाहून घ्याव्यात. आमच्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती मी पाठवीन. त्यांतली नावे वस्तीतल्या जुन्या माणसांना वाचून दाखवा.